तारेविना वीज : सायकलच्या डायनामोपासून चार्जिंग पॅडपर्यंत

गेल्या काही महिन्यांत घरातल्या तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला. "वायरलेस चार्जर कुठला घेऊ रे? फोनला एक, घड्याळाला एक, गाडीत एक... की एकातच सगळं भागतं?" प्रत्येकाला फोनवर वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे लिहिलेलं बरं. पण नुसती खरेदीची यादी देण्यात मजा नाही. आणि माझं घर पडलं भोसरीत. इथे या चार्जरच्या पूर्वजांना ओळखणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

मूळ शोध मायकेल फॅरेडेचा, १८३१ सालचा. तारेच्या वेटोळ्याजवळचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की वेटोळ्यात वीज वाहू लागते. इतकंच. आमच्या पट्ट्यात हा नियम सायकलवर बसून आला म्हटलं तरी चालेल. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या कामगारांच्या सायकलला मागच्या चाकाशी घासणारा बाटलीच्या आकाराचा डायनामो असे. त्यात चुंबक फिरायचा, भोवतीच्या वेटोळ्यात वीज तयार व्हायची आणि पुढचा दिवा लागायचा. पायडल थांबलं की अंधार. बाबांची अशी सायकल मला चांगली आठवते. रात्रपाळीहून येताना चढावर त्यांचा दिवा मंद व्हायचा, त्यावरून आई ओळखायची की आता वळणावर आले.

तोच नियम त्यांना कारखान्यात पुन्हा भेटला. ते भोसरी एमआयडीसीत इंडक्शन हार्डनिंगच्या मशीनवर होते. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याच्या पोकळ नळीची कॉईल, आतून पाणी खेळतंय, मधोमध गाडीचा एखादा शाफ्ट. कॉईल शाफ्टला शिवत नाही. मशीन चालू केलं की काही सेकंदांत शाफ्टची कातडी लालभडक होते, वरून पाण्याचा फवारा पडतो आणि पृष्ठभाग कडक होतो. आत मात्र लोखंड चिवटच राहतं. ज्वाला नाही, भट्टी नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि तो स्वतःच तापतो. या धंद्याच्या जोरावर आपल्याकडच्या कितीतरी घरांत चूल पेटली आहे.

चार्जिंग पॅड म्हणजे याच मशीनचं नातवंड. पॅडमध्ये एक चपटी कॉईल, फोनच्या पाठीत दुसरी. पहिलीत सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की दुसरीत वीज उमटते. फरक ताकदीचा. तिकडे कित्येक किलोवॅट, इकडे पाच-पंधरा वॅट. फोनच्या कॉईलमागे फेराइटचा पातळ पत्रा असतो. तो चुंबकीय क्षेत्र अडवतो, नाहीतर आतली बॅटरी शाफ्टसारखी तापायला लागली असती :) पॅडवर किल्ली किंवा नाणं पडलं तर ते मात्र तापू शकतं. म्हणून चांगल्या पॅडला मध्ये आलेली वस्तू ओळखून बंद होण्याची सोय असते. स्वस्तातल्या बिननावाच्या पॅडमध्ये हीच सोय पहिल्यांदा गाळली जाते.

आता थोडा गाड्यांचा इतिहास. तार न जोडता चार्ज करण्याची कल्पना फोनच्या आधी मोटारीत आली होती. १९९६ साली जनरल मोटर्सने ईव्ही१ ही विजेवर चालणारी गाडी आणली. तिच्या नाकात एक चपटं वल्ह्यासारखं पॅडल सरकवायचं आणि इंडक्शनने बॅटरी भरायची. कॅलिफोर्नियाने २००१ साली साध्या प्लगच्या बाजूने कौल दिला आणि ती पद्धत मागे पडली.

फोनच्या बाबतीत भांडण वेगळंच होतं. २००८ साली वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही संघटना स्थापन झाली आणि २०१० साली तिचं 'ची' हे मानक आलं. नाव चिनी भाषेतलं, अर्थ प्राणशक्ती. समोर पॉवरमॅटवाल्यांचं दुसरं मानक उभं होतं. अमेरिकेत स्टारबक्सच्या टेबलांवर एक मानक आणि ग्राहकाच्या खिशातल्या फोनमध्ये दुसरं, असा प्रकार. नोकियाच्या ल्युमिया ९२० मध्ये २०१२ सालीच 'ची' होतं. पण निकाल लागला २०१७ साली, आयफोन ८ आणि आयफोन १० 'ची' घेऊन आले तेव्हा. पुढच्याच वर्षी पॉवरमॅटही त्याच संघटनेत सामील झाली.

त्याच २०१७ साली अॅपलने एअरपॉवर नावाची चटई जाहीर केली. फोन, घड्याळ, कानातलं काहीही कसंही टाका, चार्ज होईल. २०१९ च्या मार्चमध्ये कंपनीने ती बाजारात न आणताच रद्द केली. आपल्या दर्जात ती बसत नाही, असं कारण दिलं. ही बातमी मी घरी सांगितली तर बाबा हसले. म्हणाले, "जॉब कसाही ठेवून कॉईल चालत नाही रे. आम्ही प्रत्येक जॉबला वेगळी कॉईल वाकवून घ्यायचो. अंतर एवढं-तेवढं झालं तर एक बाजू जळायची, एक कच्ची राहायची."

या एका वाक्यात चार्जर निवडण्याचं निम्मं शास्त्र आहे. कॉईलसमोर कॉईल आली पाहिजे आणि मधलं अंतर कमी पाहिजे. जाड कव्हर किंवा धातूची रिंग मध्ये आली की फोन तापतो आणि हळू भरतो. २०२० साली आयफोन १२ मध्ये चुंबकांचं कडं आलं, फोन आपोआप बरोबर जागी चिकटू लागला. तीच कल्पना २०२३ च्या 'ची-२' मानकात सर्वांसाठी घेतली गेली. घड्याळाची कॉईल बारकी आणि पाठ गोलसर, म्हणून त्याला वेगळी चकती लागते. अॅपलचं घड्याळ साध्या 'ची' पॅडवर चार्ज होत नाही, त्यामुळे "एकातच सगळं" घेताना घड्याळाची जागा कोणत्या घड्याळासाठी आहे ते आधी वाचा.

गाडीचं म्हणाल तर २०१३ च्या मॉडेलच्या टोयोटा अॅव्हॅलॉनमध्ये 'ची' पॅड पहिल्यांदा आलं. आज आपल्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या गाड्यांतही ते आहे. २०२१ साली आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० आणि स्कोडाच्या कुशाकच्या वरच्या मॉडेलांत ते मिळालं. पण सपाट पॅडचं आणि चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या खड्ड्यांचं जमत नाही. फोन सरकतो, कॉईल हुकते, चार्जिंग तुटतं. मे महिन्यात मोशीच्या ट्रॅफिकमध्ये नकाशा चालू, ऊन काचेतून आत आणि खाली पॅड, एवढं झालं की फोन तव्यासारखा होतो. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेसारखा शत्रू नाही. म्हणून गाडीत घ्यायचंच तर एसीच्या झडपेवर बसणारं, चुंबकाने धरणारं घ्या. लांबच्या प्रवासात सरळ केबल लावा.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. दोन वर्षांपूर्वी बाबांना पेसमेकर बसला. पेसमेकरमध्ये मुद्दाम अशी सोय असते की छातीवर चुंबक धरला की तो ठरावीक गतीने चालू लागतो, डॉक्टरांना तपासणी करता यावी म्हणून. हृदयाला झटका देणाऱ्या आयसीडी यंत्राचं काम तर चुंबकाने थांबतं. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की आयफोन १२ छातीवर धरल्यावर एका रुग्णाच्या आयसीडीचं काम थांबलं. अॅपलची सूचना आहे, की असा फोन यंत्रापासून १५ सेंटीमीटरहून लांब ठेवा, आणि वायरलेस चार्ज होत असेल तर ३० सेंटीमीटरहून लांब.

उलट आईची बोटं संधिवाताने वाकली आहेत. फोनच्या भोकात पिन बसवणं ही तिची रोजची झटापट होती. तिला पॅडची गरज खरी, आणि बाबांना त्याच पॅडपासून अंतराची. दोघं एकाच खोलीत झोपतात.

शेवटी आम्ही असं केलं. आईचा पॅड दिवाणखान्यात, टीव्हीच्या कपाटावर, चुंबक नसलेला साधा 'ची'. माझ्या घड्याळाची चकती दाराजवळच्या फळीवर. बेडरूममध्ये काही नाही. बाबांचा फोन तारेवरच चार्ज होतो आणि शर्टाच्या खिशात राहत नाही, पँटच्या खिशात जातो. कार्डिओलॉजिस्टना विचारून हे ठरवलं. तुमच्या घरी कोणाला असं यंत्र असेल तर तुम्हीही आपल्या डॉक्टरांनाच विचारा, माझ्या लिहिण्यावर जाऊ नका.

एक गोष्ट राहिली. तारेविना चार्ज करताना पाव हिश्श्याच्या आसपास वीज उष्णतेत वाया जाते. एका फोनचा हिशोब किरकोळ आहे, हे खरं. पण आमच्या पट्ट्यात कारखान्यांची आठवड्याची सुट्टी रविवारी नसून गुरुवारी, आणि ती आली विजेच्या वाटणीतून. अशा गावात वाढलेल्या माणसाला ती पाव वीज डोळ्यांसमोर दिसतेच. म्हणून ज्याच्या हाताला पॅडची गरज आहे त्याने जरूर घ्यावा. बाकीच्यांची केबल अजून चांगली चालते.

बाबा हल्ली इंडक्शनच्या शेगडीपासूनही हातभर लांब उभे राहतात. जुन्या मशीनवर नवी पोरं कॉईलच्या फार जवळ गेली की ते ओरडायचे, तसंच आता स्वतःला बजावतात. त्यांच्यासाठी हे ज्ञान नवीन नाही. फक्त या वेळी जॉबच्या जागी ते स्वतः आहेत.