मत्स्यपिल्लांची गणना : नॉर्वेतील सागरी संशोधनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

सागरी इतिहासाचे लेखन बहुतांशी आरमार, बंदरे व व्यापार यांभोवती झाले आहे. मासेमारीतील सुकाळ-दुष्काळ मात्र निसर्गाची लहर म्हणून बाजूला राहिले. या लहरीचे कारण नॉर्वेमध्ये कसे शोधले गेले व त्या ज्ञानाचा उपयोग कितपत झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हेरिंग व कॉड या माशांवर नॉर्वेच्या किनाऱ्यावरील असंख्य कुटुंबांची उपजीविका चाले. काही वर्षे जाळी भरून येत. पुढे दीर्घकाळ मत्स्यदुष्काळ पडे. मासा वाट बदलून दूर गेला, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण होते. १८६० च्या दशकात शासनाने जी. ओ. सार्स यांना लोफोटेन बेटांवर पाठविले. कॉडची अंडी तळाशी न बसता तरंगतात, असे त्यांना आढळले. प्रवाहांबरोबर वाहत जाणाऱ्या या बालपणाचा अभ्यास किनाऱ्यावर बसून होण्यासारखा नव्हता.

१९०० मध्ये 'मायकेल सार्स' ही वाफेवर चालणारी संशोधन नौका सेवेत आली. योहान योर्ट यांच्या नेतृत्वाखाली तिच्यावरून अंडी, डिंभ व पिले गोळा केली जाऊ लागली. तथापि निर्णायक पुरावा मिळाला तो माशाच्या खवल्यातून. हिवाळ्यात वाढ मंदावली की खवल्यावर वलय उमटते; वलये मोजली की जन्मवर्ष कळते. (इतिहासाच्या साधनांत खवल्याची गणना सहसा होत नाही, परंतु इतकी अचूक तारीख देणारे दप्तर विरळाच.) आयनार लेआ प्रभृती सहकाऱ्यांनी हजारो खवले वाचले, तेव्हा १९०४ साली जन्मलेली हेरिंग पुढे अनेक वर्षे जाळ्यांत सर्वाधिक सापडत असल्याचे दिसून आले. १९१० च्या नमुन्यांत तर निम्म्याहून अधिक मासे त्या एकाच वर्षाचे होते. मनुष्यगणनेची पद्धत योर्ट यांनी अशा रीतीने माशांना लावली. मासा दूर जात नाही, तर बहुतेक वर्षी त्याची पिलेच जगत नाहीत, हा त्यांच्या १९१४ च्या ग्रंथाचा आशय होय. अंड्यातील पोषण संपताच डिंभाला अन्न मिळाले नाही, तर ती संपूर्ण पिढी नष्ट होते, असे त्यांचे अनुमान होते. ते अद्यापही वादातीत नाही. परंतु प्रश्न योग्य ठिकाणी नेऊन ठेवण्याचे श्रेय त्यांचेच.

१९६५ पासून बॅरेंट्स समुद्रात दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच वर्षी जन्मलेल्या पिलांचे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण सुरू झाले. प्रतिध्वनियंत्राने थवे हेरावयाचे, ठराविक खोलींवर जाळे ओढावयाचे, जातवार मोजणी व मापे घ्यावयाची, असा त्याचा क्रम होता. याच सुमारास यांत्रिक नौका व सोनार यांच्या साहाय्याने हेरिंगचा बेसुमार उपसा चालू होता. पिलेही त्यातून सुटली नाहीत. १९७० च्या सुमारास साठा कोसळला. म्हणजे मोजणारे आणि उपसणारे एकाच दशकात एकाच समुद्रात होते, आणि शासनाने कानाडोळा केला, असेच म्हणावे लागते. पुढे कडक निर्बंध आले. १९८३ ची पिढी विपुल निघाली, तेव्हा तिला वाढू देण्यात आले व हेरिंग सावरली. मात्र बॅरेंट्स समुद्रात वाढणाऱ्या या तरुण हेरिंगने कॅपेलिन या लहान माशाचे डिंभ फस्त केले; १९८० च्या दशकाच्या मध्यास कॅपेलिनचा साठा कोसळण्यामागील ते एक प्रमुख कारण अनेक अभ्यासक मानतात.