तबकडीतला वायू केंद्राकडे का सरकतो?

कृष्णविवर भोवतालचा वायू गिळते, हे विधान सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र हा वायू सरळ आत पडत नाही. त्याला मुळातच थोडे भ्रमण असते. तो केंद्राजवळ येऊ लागला की हे भ्रमण वेगवान होते आणि वायूची चपटी, फिरती तबकडी तयार होते. नवजात ताऱ्यांभोवतीही अशाच तबकड्या आढळतात. आपली ग्रहमालाही सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका तबकडीतून घडली.

संवेगाचा अडसर

तबकडीचा आतला भाग वेगाने फिरतो, तर बाहेरचा संथपणे. ग्रहांचेही तसेच आहे. बुधाचा वेग सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर, पृथ्वीचा ३०, तर नेपच्यूनचा केवळ ५.४ किलोमीटर आहे. परंतु वेग आणि केंद्रापासूनचे अंतर यांच्या गुणाकारातून मिळणारा कोनीय संवेग बाहेरच्या वायूकडे अधिक असतो. वायूला आत सरकायचे असेल, तर आपला संवेग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागतो. पृथ्वी सूर्यावर कोसळत नाही, कारण तिचा संवेग काढून घेणारे कोणी नाही.

वायूच्या थरांमधील नेहमीचे घर्षण या कामासाठी फारच अपुरे पडते. म्हणून १९७३ मध्ये निकोलाय शकुरा आणि रशीद सुन्यायेव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तबकडीत प्रक्षुब्धता, म्हणजे भोवऱ्यांची खळबळ, असल्याचे गृहीत धरले आणि तिचे प्रमाण 'अल्फा' या अंकाने दर्शविले. ही खळबळ उद्भवते कशी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

अडचण जुनीच होती. संवेग बाहेरच्या दिशेने वाढत असेल तर फिरता प्रवाह लहानसहान धक्क्यांनी विस्कळीत होत नाही, हा निकष ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडला होता. त्यानुसार तबकडी शांतच राहायला हवी. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे एकात एक फिरणाऱ्या दोन नळकांड्यांमध्ये पाणी भरून तबकडीसारखा प्रवाह निर्माण करण्यात आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पाणी जवळजवळ शांत राहिले.

चुंबकीय दोरी

उत्तर चुंबकीय क्षेत्रात दडले होते. तबकडीतील विद्युतवाहक वायूला दुर्बळ चुंबकीय क्षेत्रही रबरी दोरीप्रमाणे बांधून ठेवते. अशा दोरीने जोडलेल्या दोन पुंजक्यांपैकी आतला पुढे धावतो. दोरी त्याला मागे खेचते. त्याचा संवेग घटतो, तो आणखी आत जातो आणि तेथे अधिकच वेगाने फिरू लागतो. बाहेरच्याला हाच संवेग मिळतो आणि तो आणखी दूर जातो. दोरी अधिक ताणली जाते आणि प्रवाहाचे स्थैर्य ढासळते.

फिरत्या विद्युतवाहक द्रवातील ही अस्थिरता येवगेनी वेलिखोव यांनी १९५९ मध्ये, तर भारतात जन्मलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९६० मध्ये गणिताने दाखवून दिली होती. तिचे तबकड्यांसाठी असलेले महत्त्व मात्र सुमारे ३० वर्षांनी, १९९१ मध्ये, व्हर्जिनिया विद्यापीठातील स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी ओळखले. त्यांना २०१३ चे शॉ पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेतील पुराव्यासाठी आणखी थांबावे लागले. प्रिन्स्टनच्याच संशोधकांनी पाण्याऐवजी गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचा द्रवरूप मिश्रधातू वापरून २०२२ मध्ये या अस्थिरतेचा पुरावा सादर केला.

ग्रहांच्या जन्मस्थानी

कृष्णविवराजवळील तप्त वायूला हे स्पष्टीकरण चपखल लागू पडते. ग्रह घडविणाऱ्या तबकड्यांचा मोठा भाग मात्र थंड असतो. तेथे विद्युतभारित कण विरळ असल्याने चुंबकीय क्षेत्राची पकड सैल होते. चिलीतील 'अल्मा' दुर्बिणीने २०१४ मध्ये वृषभ राशीतील 'एचएल टॉरी' या सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याभोवती धुळीची रेखीव कडी टिपली. तेथील धुळीचा थर अतिशय पातळ आहे. जोरदार खळबळ असती तर ही धूळ वर उधळली गेली असती.

त्यामुळे अशा तबकड्यांतील संवेग चुंबकीय क्षेत्राने बाहेर फेकलेले वायूचे झोत वाहून नेत असावेत, या कल्पनेकडे आता अनेक अभ्यासकांचा कल आहे. निर्णय कोणताही लागो, संवेगाची ही देवघेव झाली नसती तर वायू केंद्राशी साचला नसता आणि सूर्यही घडला नसता.