कऱ्हाडचा अर्धा र आणि सांगलीतलं लिनक्स

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना घेतलेले फाटे थोडे छाटलेत, सगळे नाही.

आजचा विषय लिनक्स. पण सुरुवात एका गावाच्या नावाने करू: कऱ्हाड. सातारा जिल्ह्यातलं, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरचं. सरकारी पाटीवर 'कराड', पण जुन्या माणसांच्या आणि काही वर्तमानपत्रांच्या लेखी 'कऱ्हाड'. या नावातला जो आडवा, पापणीसारखा अर्धा र आहे ना, तो बराच काळ कॉम्प्युटरला धड लिहिता येत नव्हता. हा र गेला की नुसतं सौंदर्य जात नाही, अर्थ जातो. सह्याद्रीच्या 'दऱ्या' म्हणायचंय आणि पडद्यावर उमटतो 'दर्या'. डोंगरातून थेट समुद्रात!

१९९१ हे साल बघा. जुलैत आपल्याकडे उदारीकरण. २५ ऑगस्टला लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाचा हेलसिंकीतला विद्यार्थी जाहीर करतो की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टम लिहितोय. ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती येते. आणि भारतीय लिप्यांसाठीचं आपलं इस्की हे मानकही त्याच साली नव्या रूपात येतं. या घटनांचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढे आला.

त्या दशकात सांगली-साताऱ्यात मराठी टाइप व्हायचं ते डीटीपीच्या दुकानांत. लग्नपत्रिका, कारखान्याच्या सभेची नोटीस, सोसायटीचा अहवाल. तिथले फॉन्ट करायचे काय, तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवायचे. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती मराठी नव्हतीच, वेगळा पोशाख घातलेली इंग्रजी होती. फॉन्ट बदलला की पोशाख उतरायचा. वाळवा तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचे तीन वर्षांचे अहवाल मी असे पाहिलेत. फाइल उघडते, आत इंग्रजी अक्षरांचा कचरा. ज्या पॅकेजमध्ये ते टाइप केले होते ते ना दुकानात उरलं, ना सोसायटीत. सभासदांच्या कर्जाच्या नोंदी सभासदांनाच वाचता येत नाहीत. कागदी प्रत होती म्हणून निभावलं.

युनिकोडने प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, पण पापणीच्या र ची सोय वळणावळणाने झाली. 'ऱ' हे अक्षर तक्त्यात आहे, पण ते घेतलं होतं दक्षिणेकडच्या भाषांमधला र दाखवायला. मराठीने त्याचाच अर्धा उसना घेतला. दुसरा रस्ता असा की साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही रस्ते अधिकृत, दिसायला एकसारखे. पण मशीनला ते दोन वेगळे शब्द. म्हणजे एकाने एका रीतीने 'कऱ्हाड' लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधलं, तर शोध रिकामा येऊ शकतो.

आता लिनक्स. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती ते पडलं मासिकाबरोबरच्या सीडीतून. 'पीसीक्वेस्ट' १९९६ पासून अशा सीडी द्यायला लागलं होतं. फोनलाइनवरच्या इंटरनेटने एवढं डाउनलोड करणं म्हणजे चेष्टाच. सांगलीत जमीन तयार होती, कारण विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय. १९४७ सालची संस्था, पोरं चारी बाजूंच्या तालुक्यांतून आलेली. तिथे विद्यार्थ्यांनी वालचंद लिनक्स युझर्स ग्रुप उभा केला. आजही तो विद्यार्थीच चालवतात, दरवर्षी सीनियर ज्युनियरांना शिकवतात. कंपनी नाही, पगार नाही, तरी परंपरा टिकते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना ज्यांनी बघितलीय, त्यांना याचं नवल वाटू नये.

मी त्या भागात खोली घेऊन राहायचो तेव्हा उबुंटूवाले जगभर फुकट सीडी पाठवायचे. वेबसाइटवर पत्ता भरायचा, काही आठवड्यांनी पोस्टमन पाकीट घेऊन हजर. एकाने मागवायची आणि पूर्ण मजल्याने कॉप्या करायच्या, कायदेशीर! २०११ मध्ये ही योजना बंद झाली. पण सीडी दिली की पहिला प्रश्न ठरलेला: "फुकट आहे का?" इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दामुळे घोळ होतो म्हणतात. मराठीत 'फुकट' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं, तरी आपण विचारतो फुकटचंच. (मीही तेच विचारलं होतं.)

आणि मग एमएस-सीआयटी. २००१ नंतर तालुक्या-तालुक्यात केंद्रं निघाली, सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागलं. नावातलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण शिकवायचे विंडोज आणि ऑफिस, त्यामुळे कित्येकांना ते मायक्रोसॉफ्टच वाटायचं. खेड्यातल्या लाखोंनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो तिथेच, हे श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच काळात केरळने सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर नेलं. आपल्याकडे तो निर्णय झाला नाही, आणि लिनक्स इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलबाहेर फारसं पडलंच नाही. माझ्या मते महाराष्ट्राने तिथे मोठी संधी घालवली.

तरीही मराठीचं काम थांबलं नाही. ते चाललं मुख्यतः पुण्यात. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' हे फॉन्ट खुले केले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या टोपीला शोभेल असं. फॉन्ट मिळाला तरी अक्षरं जोडणारं यंत्र वेगळं लागतं, आणि लिनक्सवर तेव्हा तशी तीन यंत्रं होती: नोम डेस्कटॉपचं एक, केडीईचं दुसरं, ओपनऑफिसचं तिसरं. एकाच मशीनवर 'कऱ्हाड' एका खिडकीत बरोबर, शेजारच्या खिडकीत मोडलेलं, असं होऊ शकायचं. चूक एका ठिकाणी दुरुस्त करून भागत नव्हतं.

यावरचा उपाय म्हणजे हार्फबझ. नाव फारसीतून आलंय, 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडं. २०१२ च्या सुमारास त्यात भारतीय लिप्यांचं काम नव्याने लिहिलं गेलं, आणि एकेका प्रकल्पाने ते स्वीकारलं: फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड. आता दुरुस्ती एकदा झाली की सगळीकडे पोचते.

गंमत बघा. डेस्कटॉपचे मराठी मेनू स्वयंसेवकांनी रात्री जागून भाषांतरित केले, 'संपादन', 'दृश्य' वगैरे, आणि माझ्या ओळखीतल्या एकाही लिनक्सवाल्याने ते चालू ठेवले नाहीत. सगळ्यांचे मेनू इंग्रजीच. पण कुणाचं लक्ष नव्हतं ते अक्षरजोडणीचं काम आज सांगलीच्या हळद बाजारातल्या हमालाच्या फोनमध्येही चालू आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. त्याला लिनक्स हा शब्द माहीत असण्याचं कारणही नाही.

मधल्या काळात धक्केही बसले. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट विकत घेतली. २०२० च्या डिसेंबरात जाहीर झालं की सेंटओएस ८ वर्षभरातच बंद होणार. ज्यांनी आपले सर्व्हर त्यावर उभे केले होते त्यांची पळापळ झाली. पण कोड मुक्त होता, म्हणून २०२१ मध्ये रॉकी आणि अल्मा असे दोन पर्याय उभे राहिले. सोसायटीच्या त्या अहवालांना असा दुसरा दरवाजा नव्हता.

ते अहवाल मी आणि एक मित्र सध्या सोडवतोय. जुन्या फॉन्टचा कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता हाताने बनवला, आणि पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून तो मजकूर युनिकोडमध्ये आणतोय. दोन वर्षांचं झालं, तिसरं बाकी. कर्जदारांच्या यादीत कऱ्हाडकडची काही नावं आहेत, आणि पापणीचा र कुठल्या रीतीने लिहायचा यावर आमचा वाद चालू आहे. मी 'ऱ'च्या बाजूने आहे.