येशूला देव कोणी केलं?

आमचं पेडणं आणि डिचोली नव्या काबिजादीतली. पोर्तुगीज इथे आले अठराव्या शतकाच्या अखेरीस, लोकांच्या धर्माला हात लावणार नाही असा शब्द देऊन. साष्टीची गोष्ट वेगळी. तिथे पाद्री थॉमस स्टीफन्सनं 1616 साली 'क्रिस्तपुराण' छापलं. मराठी ओव्या, स्वर्गाला शब्द 'वैकुंठ', मधेमधे शंका विचारणारे श्रोते. पण गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन होतं, शंका कुठवर जाणार?

अवघड शंका तर बायबलातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपण नि पिता एकच असल्याचं सांगतो (10:30), आणि पुढे पिता आपल्याहून मोठा असल्याचंही (14:28). अलेक्झांड्रियाचा आरियस दुसरं धरून बसला: पुत्र निर्माण केलेला, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नव्हे. 325 साली निकियाच्या परिषदेनं त्याला चूक ठरवलं.

आमच्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, "बादशहानं मतं मोजून देव केला रे त्याला!" मला नाही पटत. अंत्युखियाचा बिशप इग्नाती दोनशे वर्षं आधीच येशूला देव म्हणून लिहून गेला. रोमन सुभेदार प्लिनी तर ख्रिस्ती नव्हेच. तोही 112 च्या सुमारास बादशहाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गातात. (आमची काकडआरतीच की!)

मग निकियात तंटा कशावर? मुख्यतः 'पित्याच्याच तत्त्वाचा' अशा अर्थाच्या एका ग्रीक शब्दावर. हा शब्द बायबलात कुठेच नाही, आणि विरोधकांनी बोट ठेवलं ते नेमकं तिथेच.