दगडाबरोबर आलेला जीव

खान्देशाला समुद्रकिनारा नाही. सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेकडे वाहणारी तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते, एवढाच जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांचा समुद्राशी भौगोलिक संबंध आहे. त्यामुळे या भागातील एखाद्या घरात प्रवाळटाकी मांडायची झाली, तर तिच्यासाठी लागणारे जवळजवळ सर्व काही बाहेरून आणावे लागते. प्रवाळटाकी म्हणजे कृत्रिम खाऱ्या पाण्यात पोवळी आणि त्यांच्या सोबतीने राहणारे जीव पाळण्याची काचेची टाकी. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम या प्रमाणात विरघळवायचे मिश्र क्षार, वाळू, मासे, पोवळी आणि ‘जिवंत खडक’ या नावाने ओळखला जाणारा, सूक्ष्म जीवांनी व्यापलेला सच्छिद्र चुनखडीचा दगड, असे सारे दूरवरून येते. या दगडाच्या भेगांतून न मागवलेले जीवही येतात. त्यांना अनाहूत सहप्रवासी म्हणता येईल. त्यांपैकी सर्वांत जास्त चर्चा होते ती एका लहान, तपकिरी, अर्धपारदर्शक समुद्रफुलाची. समुद्रफूल, म्हणजेच सी-ॲनिमोन, हा तळाशी चिकटून राहणारा आणि तोंडाभोवतीच्या संस्पर्शकांनी भक्ष्य पकडणारा मऊ शरीराचा प्राणी आहे. तो कोण आहे, हा प्रश्न टाकी सांभाळणाऱ्याला पडतो तेव्हा उत्तरासाठी त्याचे रूप पाहणे पुरेसे ठरत नाही. तो कशाबरोबर आला हेही शोधावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाकडे प्राणिशास्त्राचे लक्ष फार सावकाश वळले, आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान महाराष्ट्रातील नद्यांत लिहिले गेले.

समुद्री प्राणी काचेत पाळण्याची प्रथा फार जुनी नाही. 1850 च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने पाणवनस्पती आणि प्राणी यांचा समतोल राखला, तर बंद पाण्यातही ते दीर्घकाळ जगू शकतात हे दाखवून दिले. 1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. या प्रथेचा सर्वांत प्रभावी प्रचारक फिलिप हेन्री गॉस हा होता. त्याने ब्रिटनच्या समुद्रफुलांवर 1860 मध्ये पूर्ण केलेला सचित्र ग्रंथ आजही त्या विषयाचा आधार मानला जातो, आणि 1858 मध्ये ‘एप्टेशिया’ हे कुलनाम, म्हणजे जवळच्या जातींना एकत्र बांधणारे नाव, त्यानेच रूढ केले. आज प्रवाळटाकीत नकोसा वाटणारा तपकिरी सहप्रवासी याच गटातील असतो. गॉसच्या पुस्तकांनी हजारो लोकांना किनाऱ्यावर नेले आणि त्या उत्साहात इंग्लंडच्या खडकाळ किनाऱ्यांवरील कुंडे ओरबाडली गेली. त्याचा मुलगा एडमंड याने पुढे या हानीविषयी खेदाने लिहिले आहे. प्राण्याला ओळखण्याची ओढ आणि त्याचे मूळ घर उजाड करणारी हाव या दोन्ही गोष्टी या छंदात पहिल्यापासून शेजारी नांदत आल्या, याची नोंद छंदाच्या गौरवात बुडून जाऊ नये.

गॉसच्या काळी समुद्रफुलाचे वर्णन मुख्यतः रंग, आकार आणि संस्पर्शकांची मांडणी यांवरून होत असे. ही लक्षणे प्रकाश, अन्न आणि वय यांनुसार बदलतात. उती­त वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे तपकिरी दिसणारा प्राणी अंधारात ठेवला तर फिकट, जवळजवळ पांढरा होतो. म्हणून एकाच प्राण्याला वेगवेगळ्या समुद्रांत वेगवेगळी नावे मिळाली. युरोपच्या किनाऱ्यावरून 1829 मध्ये रॅप याने एक नाव दिले आणि 1864 मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरून दुसरे आले, तसेच इतरही समुद्रांत घडले. 2014 मध्ये ग्राहालेस आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी जगभरचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा यांतील बहुतेक नावे एकाच जातीची असल्याचे दिसून आले आणि तिच्यासाठी ‘एक्झेप्टेशिया’ हे नवे कुलनाम आले. कोणते जातिनाम टिकावे हा वाद प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे गेला आणि 2017 मध्ये जुन्या, म्हणजे रॅपच्या ‘डायाफाना’ या नावाच्या बाजूने निकाल लागला. इतक्या समुद्रांत हा एकच प्राणी आढळतो, याचे कारण जहाजांच्या तळांना चिकटून येणाऱ्या जीवांत सापडण्याची शक्यता पुष्कळ आहे. टाकीतील दगड हे त्याच प्रवासाचे अलीकडचे आणि लहान वाहन म्हटले पाहिजे.

वाहनाचा प्रश्न प्रथम ठसठशीतपणे पुढे आला तो मात्र गोड्या पाण्यात. 10 जून 1880 रोजी रीजंट्स पार्कमध्येच, रॉयल बोटॅनिक सोसायटीच्या उबदार काचघरात, व्हिक्टोरिया कमळाच्या टाकीत विल्यम सॉवरबी याला नखाएवढ्या छत्र्या तरंगताना दिसल्या. त्या छत्रिका, म्हणजे जेलीफिश, होत्या. समुद्रफूल, पोवळे आणि छत्रिक हे सर्व दंशपेशी बाळगणाऱ्या आंतरगुही प्राण्यांच्या एकाच संघातले. गोड्या पाण्यात छत्रिक राहू शकते हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. लँकेस्टर आणि ऑलमन या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी त्याच महिन्यात तिला दोन निरनिराळी नावे दिली, आणि त्यांपैकी लँकेस्टरचे ‘क्रॅस्पेडाकुस्टा’ हे नाव टिकले. खरे कोडे पुढे होते, कारण टाकीत आढळलेल्या छत्रिका सर्व नर होत्या. 1884 मध्ये ए. जी. बोर्न याला त्याच टाकीतील पाणवनस्पतींच्या मुळांवर संस्पर्शक नसलेला, जेमतेम मिलिमीटरभर उंचीचा एक बैठा जीव सापडला. छत्रिका या बैठ्या अवस्थेतून, म्हणजे पॉलिपमधून, अंकुरून सुटत होत्या, त्यामुळे एखाद-दुसऱ्या पॉलिपची सारी संतती एकाच लिंगाची असणे साहजिक होते. बोर्न पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागला आणि 1915 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा संचालक झाला. त्याच्या शोधाच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ पॉट्स याला असाच पॉलिप मिळाला आणि त्याने त्याला स्वतंत्र प्राणी मानून वेगळे नाव दिले. ती क्रॅस्पेडाकुस्टाचीच एक अवस्था आहे हे पटायला जवळपास चार दशके गेली. आज ही मूळची चीनमधील छत्रिक अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत पोचलेली आहे, आणि पाणवनस्पतींची ने-आण हा तिच्या प्रसाराचा एक मोठा मार्ग मानला जातो. डोळ्यांत भरणारी छत्री पाहून सुरू झालेला शोध मुळांवरील न दिसणाऱ्या ठिपक्यापाशी संपला, हे या प्रकरणाचे मोल आहे.

या पार्श्वभूमीवर 1911 साली सातारा जिल्ह्यात लागलेल्या शोधाकडे पाहावे लागते. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म 1884 मध्ये मालवणला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून तेथेच जीवशास्त्र शिकवत असताना ते सह्याद्रीत वनस्पती आणि प्राणी गोळा करीत हिंडत असत. या भ्रमंतीत कृष्णेच्या खोऱ्यातील वेण्णा आणि कोयना यांच्या पाण्यात त्यांना गोड्या पाण्यातील छत्रिका आढळल्या. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी त्यांचा अभ्यास करून ‘लिम्नोक्निडा इंडिका’ ही नवी जात जाहीर केली. ‘लिम्नोक्निडा’ हे कुल तोवर आफ्रिकेतून, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणांहून, माहीत होते. सह्याद्रीच्या डोहांत त्याची बहीण निघावी, याने भारत आणि आफ्रिका यांच्या प्राणिजीवनातील नात्याचा प्रश्न पुढे आला. लंडनच्या टाकीतली छत्रिक पाहुणी होती आणि वेण्णेतली मूळची रहिवासी. पण दोघी शेजारी ठेवल्या, तर साध्या डोळ्याला हा भेद कळणार नाही. तो कळतो ठिकाण, ऋतू, पाणी आणि सोबतचे जीव यांच्या नोंदींवरून. म्हणून नाव देण्यावर हे काम थांबले नाही. 1912 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ग्रेव्हली आणि आघारकर यांनी या छत्रिकेच्या सवयी आणि तिचा प्रदेश यांवर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. नमुना बाटलीत घालून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवणारा संग्राहक पुष्कळदा एका ओळीच्या आभारात विरून जातो. आघारकरांनी मात्र प्राणी सापडला त्या पाण्याचा अभ्यास स्वतःकडे ठेवला, आणि मराठी विज्ञानाच्या इतिहासात या गोष्टीला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, पहिल्या महायुद्धात जर्मनीत अडकून पडले, आणि 1946 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक झाले. त्या संस्थेच्या संशोधन केंद्राला 1992 पासून त्यांचेच नाव आहे.

मराठी मुलखातील समुद्रफुलांची पद्धतशीर ओळख त्यानंतर बरीच उशिरा झाली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाल्यावर देशावरून मुंबईस जाणाऱ्या अनेकांना समुद्रातील जीव काचेपलीकडे पाहायला मिळू लागले; परंतु पाहणे निराळे आणि ओळखणे निराळे. ए. एच. परुळेकर यांनी मुंबईच्या समुद्रफुलांवरील लेख 1968 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि पुढे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत राहून भारतभरच्या जातींकडे लक्ष वळवले. समुद्रफुलाची निश्चिती करायची तर त्याचे पातळ काप घेऊन आतील पडद्यांच्या जोड्या मोजाव्या लागतात, तोंडाखाली आकुंचन करणारा स्नायू कुठे आहे ते पाहावे लागते आणि शरीराच्या निरनिराळ्या भागांतील दंशकोशांचे प्रकार व लांबी सूक्ष्मदर्शकाखाली नोंदवावी लागते. घरातील टाकीपाशी यांतले काही शक्य नसते. तिथे हाती असतात ती वागणुकीची लक्षणे. एप्टेशियाला डिवचले, तर तो झटकन आक्रसतो आणि अंगातून ॲकॉन्शिया नावाचे पांढरे, दंशपेशींनी भरलेले धागे बाहेर टाकतो. सरकताना तळव्याचे तुकडे मागे सोडतो आणि प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी उभा राहतो. छंदिष्ट ज्याला ‘मजानो’ म्हणतात त्या दुसऱ्या सहप्रवाशाचे संस्पर्शक आखूड व जाड असून त्यांच्या टोकांना बहुधा वेगळा रंग असतो. या लक्षणांवरून गट सांगता येतो, जात खात्रीने सांगता येत नाही, आणि छायाचित्रावरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी परुळेकरांसारख्यांनी केलेले कष्ट आठवावेत. एप्टेशिया खरवडून काढण्याचा प्रयत्न त्याची संख्या वाढवतो, त्यामुळे घाईने लावलेली ओळख इथे नुसती चूक राहत नाही, टाकीचे नुकसानही करते.

खान्देशाला ही सगळी चर्चा परकी वाटण्याचे कारण नाही, कारण अनाहूत सहप्रवाशाने या भागाला दिलेला धडा टाकीतल्यापेक्षा कितीतरी कठोर होता. रावेर-यावलच्या केळीबागांत शेतकरी ज्याला ‘हरण्या’ म्हणतात त्या रोगात कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पोंगा सडतो आणि झाड खुरटते. मुंबई राज्यातील या रोगाची नोंद कामत आणि पटेल या रोगशास्त्रज्ञांनी 1951 मध्ये छापली. त्यांतील एम. एन. कामत यांनी नंतर आघारकरांच्या पुण्यातील संस्थेत बुरशीशास्त्राची शाखा उभी केली, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. हरण्यामागे काकडीवरील मोझॅक विषाणू असतो. तो मावा या किडीबरोबर शेजारच्या भाजीपाल्यावरून आणि तणांवरून येतो, आणि रोगट झाडाच्या कंदातून नव्या बागेतही जातो. लागवडीच्या दिवशी निरोगी दिसणारा कंद आत काय घेऊन आला आहे, हे डोळ्याला कळत नाही. जळगावात ऊतिसंवर्धित रोपांचा प्रसार झाल्यावर हाच प्रश्न प्रयोगशाळेच्या दारात गेला, आणि 2006 मध्ये केंद्र सरकारने अशा रोपांसाठी प्रमाणनाची राष्ट्रीय व्यवस्था लागू केली, जिच्यात मातृरोपांची विषाणूतपासणी हा गाभा आहे. तरी 2020 च्या पावसाळ्यात हरण्याने खान्देशातील बागांवर पुन्हा धाड घातली आणि अनेकांना उभी झाडे उपटून टाकावी लागली.

केळीच्या मळ्यात जे काम रोपप्रमाणन करते, तेच प्रवाळटाकीत विलगीकरणाची वेगळी टाकी करते: नवा दगड किंवा पोवळे मुख्य टाकीत घालण्यापूर्वी काही आठवडे निराळ्या पाण्यात ठेवले, की भेगेत दडलेला एप्टेशिया अन्नासाठी संस्पर्शक पसरतो आणि दिसू लागतो. दगडाचे मूळ विचारण्याला आता कायद्याचाही आधार आहे. 2001 मध्ये भारत सरकारने प्रवाळभित्ती बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली, त्यामुळे मालवणच्या किंवा देशातील इतर कुठल्याही प्रवाळभागातून दगड उचलून विकणे हा गुन्हा ठरतो. जळगावच्या किंवा धुळ्याच्या घरात दगडावर अनोळखी समुद्रफूल उमलले, तर तो दगड कोणत्या समुद्रातून, कोणाच्या हातून आणि कोणत्या कागदपत्रांनिशी आला हे ठाऊक असणाऱ्यालाच त्या जीवाच्या ओळखीची निम्मी वाट आधीच सापडलेली असते.