न मोजलेला उन्हाळा

'शिबिर' हा शब्द मुळात लष्कराचा. संस्कृतात शिबिर म्हणजे सैन्याचा मुक्काम. 'छावणी'चीही कुळकथा तीच. हे दोन्ही शब्द मराठीत मुलांच्या उन्हाळी सुटीशी जोडले गेले, ते गेल्या शंभरेक वर्षांत. आज उन्हाळी शिबिर म्हटले की डोळ्यांपुढे विशिष्ट चित्र येते. तळ्याकाठी तंबू, आठवडाभर घरापासून लांब राहणारी मुले, पोहणे, होडी वल्हवणे, स्वतःचे ताट स्वतः घासणे, रात्री शेकोटीभोवती गाणी आणि गोष्टी. त्यातही काही शिबिरे अशी असतात की शेवटच्या दिवशी चषक नसतो, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. अशा बिनस्पर्धेच्या शिबिराचा इतिहास सोलापूरच्या बाजूने पाहावा, असे मी ठरवले. मी याच गावचा. हा इतिहास शोधू लागलो तेव्हा मला आधी तंबू सापडले नाहीत. सापडल्या त्या मोजदादी.

सुरुवात १८८१ सालापासून करू. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात स्क्वाम नावाचे सरोवर आहे. त्यातल्या एका बेटावर अर्नेस्ट बाल्च या तरुण विद्यार्थ्याने त्या वर्षी मुलांसाठी चोकोरुआ नावाचे शिबिर सुरू केले. अमेरिकेतल्या पहिल्या संघटित उन्हाळी शिबिरांत त्याची गणना होते. येणारी मुले सुखवस्तू घरची. उन्हाळ्यात ती आईवडिलांबरोबर मोठ्या हॉटेलांत आळसावून जातात, हे बाल्चला खटकत होते. म्हणून बेटावर नोकर ठेवायचे नाहीत, स्वयंपाक, धुणीभांडी, होड्यांची डागडुजी सगळे मुलांनीच करायचे, असा नियम होता. ज्या मुलांच्या हातांना काम नव्हते, त्यांना काम देण्यासाठी शिबिर जन्माला आले.

त्याच १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट आला. सात वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, एवढे संरक्षण त्याने दिले. सोलापुरात गिरणीचा भोंगा तेव्हा नवाच होता. 'जुनी मिल' म्हणून पुढे ओळखली गेलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७मध्ये सुरू झाली होती. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. सूतकताईच्या खात्यात भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावण्याचे काम लहान हातांना जमते, म्हणून गिरण्यांना मुले हवी असत. स्क्वामच्या बेटावरचा मुलगा बशा विसळायला शिकत होता. आपल्याकडच्या मुलाने नऊ तासांवर काम करू नये, हे सरकारला कायद्यात लिहावे लागत होते.

सोलापूरकडे तळे नव्हते असेही नाही. गावाच्या मध्यावर सिद्धेश्वराचे तळे आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना बरोबर घेऊन ते खोदले, असे परंपरा सांगते. गावाच्या ईशान्येला आदिला नदी अडवून बांधलेला एकरुख तलाव आहे. आम्ही त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. तो १८७१च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे बाल्चच्या शिबिराआधी दहा वर्षे. पाणी होते, काठ होता, उन्हाळा तर सोलापुरात कधीच कमी पडला नाही. नव्हती ती सुटी.

मुलांच्या सुटीचा इतिहास म्हणून खरे तर कामगार कायद्याचाच इतिहास वाचावा लागतो. १८९१च्या दुरुस्तीने किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदाच्या मुलांचे तास सातावर आले. १९२२मध्ये किमान वय बारा आणि तास सहा. १९३४मध्ये पाच. कारखान्यात चौदा वर्षांखालचे मूल नकोच, हे ठरायला १९४८ उजाडले. सदुसष्ट वर्षांत मुलांना मिळालेला मोकळा वेळ असा तासातासाने सुटत आलेला आहे.

सोलापुरात आणखी एक मोजणी होती, तिचे नाव हजेरी. १८७१मध्ये, म्हणजे हिप्परग्याच्या तलावाच्याच काळात, गुन्हेगार जमाती कायदा झाला. जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा पुढे मुंबई इलाख्यात लागू झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापुरात मोठी 'सेटलमेंट' उभी राहिली. काटेरी तारेचे कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर परवाना, आणि कामाला गिरणी. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची मुभाही या कायद्याने सरकारला दिली होती. घरापासून लांब, शिस्तीत, एकत्र राहणारी मुले हे शिबिराचे वर्णन इथेही शब्दशः लागू पडते, आणि तरी शिबिराच्या ते अगदी उलट आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२मध्ये कायदा गेला; 'सेटलमेंट' हे नाव मात्र सोलापूरकरांच्या तोंडी अजून आहे.

मुलांना एकमेकांशी झुंजवू नये, हा विचार शिबिरात कोठून आला? इथे अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांचे नाव घ्यावे लागते. निसर्गाचे चित्रकार आणि लेखक असलेल्या सेटन यांनी १९०२मध्ये अमेरिकेत मुलांसाठी 'वुडक्राफ्ट' चळवळ सुरू केली. स्पर्धेतून पुष्कळ वाईट निपजते, असे त्यांचे स्पष्ट मत होते. त्यांनी पदके ठेवली, पण दुसऱ्याला हरवून मिळणारी नव्हेत. अमुक इतके पोहता आले, अमुक इतके पक्षी ओळखता आले, की मान मिळे, मग तो एका मुलाला मिळो की सगळ्यांना. गाठ पडायची ती निसर्गाशी आणि काळाशी, शेजारच्या मुलाशी नाही. बेडन-पॉवेल यांनी १९०७मध्ये ब्राउनसी बेटावर भरवलेल्या पहिल्या बालवीर शिबिरामागे सेटन यांच्या कल्पनांचा वाटा होता. स्काउट चळवळ १९०९मध्ये हिंदुस्थानात आली ती मात्र गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. हिंदी मुलांसाठी अ‍ॅनी बेझंट आदींना पुढच्या दशकात वेगळ्या संघटना काढाव्या लागल्या. बिनस्पर्धेच्या खेळातही प्रवेशदारावर निवड होतीच.

बक्षीस आणि शिक्षा या दोन्हींना माँटेसरीबाईंनीही नकार दिला होता. तो विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामार्फत आपल्याकडे रुजला. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम केले, तेव्हा त्यांना सोलापूरच्या गिरणीतलाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटला. मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखत होती. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वात शहाणा प्रयोग वाटतो. मुलाला वेळ नाही, हे सत्य आधी मान्य करून मग त्याने खेळ आणि शिक्षण मांडले.

मराठी मुलांच्या बाबतीत शिबिर हा शब्द खऱ्या अर्थाने घरोघरी नेला तो राष्ट्र सेवा दलाने. ४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली दलाची नव्याने उभारणी झाली. कवायत, श्रमदान, बौद्धिक, समूहगान, खेळ आणि पंगत असा शिबिराचा दिवस असे. ही शिबिरे पूर्णपणे बिनस्पर्धेची होती असे मी म्हणणार नाही. कबड्डीत हार-जीत असतेच. पण त्यांचा प्राण पंगतीत होता. कोणी कोणाशेजारी बसायचे याचा जातीचा हिशेब तिथे मोडला जाई. साने गुरुजी पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी महाराष्ट्रभर फिरले तेव्हा सेवा दलाचे कलापथक बरोबर होते आणि १ ते १० मे १९४७ हे त्यांचे उपोषण आमच्याच जिल्ह्यात, ऐन उन्हाळ्यात झाले. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस बाबा आमट्यांनी सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. लष्कराचा शब्द त्यांनी कुदळ-फावड्याला दिला.

परंतु सोलापूर जिल्ह्यातल्या मुलाला 'छावणी' हा शब्द भेटतो तो बहुधा दुष्काळात. २०१२-१३मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये सांगोला, मंगळवेढा भागात चारा छावण्या लागल्या. जनावरांबरोबर माणसेही तिथे राहायला गेली आणि माणसांबरोबर मुले. शाळेला सुटी, डोक्यावर शेडनेट किंवा साडीचा आडोसा, टँकरचे पाणी, तोलून मिळणारा चारा आणि रोजची जनावरांची मोजणी. काही मुलांचे उन्हाळी शिबिर हे असे होते. त्यांनीही तिथे खेळ मांडले असतील. मुले कुठेही मांडतात.

कारण बिनस्पर्धेचा खेळ आपल्याला बाहेरून शिकावा लागलेला नाही. भोंडल्यात फेर धरून गाणाऱ्या मुलींत कोणी पहिली येत नाही. खिरापत ओळखता आली नाही तरी ती सगळ्यांनाच मिळते. झिम्मा-फुगडीत दम लागेपर्यंत फिरायचे. वारीच्या वाटेवर, वाखरीच्या अलीकडे, पांढरी दाढी झालेले वारकरी फुगड्या घालतात, तेव्हा गुण द्यायला कोणी बसलेले नसते. मी स्वतः पोहायला शिकलो तो विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. डबा सुटला की पोहता आले, एवढीच परीक्षा. पालखी जिथे मुक्कामाला थांबते त्या जागेला आपण तळ म्हणतो. शिबिराला याहून चांगला मराठी शब्द शोधायची गरज मला वाटत नाही.

आज सोलापुरातही उन्हाळी शिबिरे निघतात. शुल्क असते, शेवटी प्रमाणपत्र असते, बहुतेक ठिकाणी क्रमांकही असतात. त्यात वाईट काही नाही. मात्र बालमजुरीच्या कायद्यात २०१६मध्ये झालेली दुरुस्ती या शिबिरांशेजारी ठेवून वाचावी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावू नये असे ती म्हणते आणि पुढे अपवाद सांगते: धोक्याचे काम नसेल तर मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवसांत घरच्या धंद्याला हातभार लावायला हरकत नाही. घरच्या धंद्याला मदत करण्यात गैर काय, असे कोणी म्हणेल. पण ज्या गावात घराघरांत माग चालले, त्या गावाला घर आणि कारखाना यांच्यामधली भिंत किती पातळ असते हे ठाऊक आहे. १८८१च्या कायद्याने मुलाचे तास मोजले. २०१६च्या कायद्याने त्याची सुटी मोजून दिली, कामासाठी.

म्हणून बिनस्पर्धेचे शिबिर ही मला निव्वळ करमणुकीची किंवा बालमानसशास्त्राची गोष्ट वाटत नाही. तास, हजेरी, चारा, गुण, यांपैकी कशातच मुलाला मोजायचे नाही असे आठ दिवस, हा त्याचा अर्थ आहे. ते दिवस पैसे भरणाऱ्या मुलांनाच मिळत असतील, तर शिबिरात स्पर्धा नाही असे म्हणता येणार नाही. ती दाराबाहेर आधीच उरकलेली असते. हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, तेव्हा त्यांच्याकडे कोणी प्रवेशपत्र मागत नाही. त्याच काठावर उन्हाळ्यात पूर्व भागातल्या विणकरांची, सेटलमेंटमधली आणि सांगोल्याकडची मुले एका पंगतीला बसावीत, एवढी सोय करायला दीडशे वर्षे पुरेशी होती.