बंदराची किल्ली कोणाच्या हाती?

जुन्या पिढीतील वाचकांना ‘पी. अँड ओ.ची बोट’ हे शब्द आठवत असतील. मुंबईहून विलायतेस जाणारे कितीतरी प्रवासी एके काळी याच ब्रिटिश कंपनीच्या बोटीने जात. पुढे विमाने आली, प्रवासी बोटी मागे पडल्या आणि कंपनीने देशोदेशीच्या बंदरांत कंटेनर चढविण्या-उतरविण्याचे काम वाढविले. न्हावा शेवा येथे १९९९ मध्ये सुरू झालेला, भारतातील पहिला खासगी कंटेनर धक्का तीच चालवीत होती. २००६ मध्ये दुबई सरकारच्या मालकीच्या ‘डीपी वर्ल्ड’ने ही कंपनी सुमारे ३९० कोटी पौंडांना विकत घेतली आणि अमेरिकेत वादळ उठले.

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, मायामी व न्यू ऑर्लिन्स येथील काही धक्क्यांचे काम या सौद्याने दुबईकडे जाणार होते. परकीय गुंतवणुकीची छाननी करणाऱ्या सरकारी समितीने जानेवारीत गाजावाजा न करता संमती दिली. फेब्रुवारीत बातमी सर्वतोमुखी होताच लोकमत खवळले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची जखम अद्याप ओली होती आणि हल्लेखोरांपैकी दोघे संयुक्त अरब अमिरातीचे नागरिक होते. कुंपणच शेत खाऊ लागले तर, ही धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सौद्याची पाठराखण केली; परंतु ८ मार्च रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीने ६२ विरुद्ध २ मतांनी तो रोखण्याचा निर्णय दिला. दुसऱ्याच दिवशी कंपनीने माघार घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे धक्के एका अमेरिकी कंपनीस विकण्याचे ठरले.

आता काही गोष्टी शांतपणे पाहाव्यात. पूर्वीची मालकही परकीयच होती. तिच्याविषयी कोणी ब्रही काढला नव्हता. बंदराची जमीन विकली जात नव्हती. जकात खाते व तटरक्षक दल अमेरिकेचेच राहणार होते. मात्र त्या काळी येणाऱ्या शंभर कंटेनरांपैकी जेमतेम पाचांचीच कसून तपासणी होत असे. खरे भगदाड तेथे होते, आणि मालक ब्रिटिश असतानाही ते तसेच होते. दोघा-चौघांच्या अपराधाचा ठपका अवघ्या समाजावर ठेवला की अन्याय तर होतोच, शिवाय दृष्टी खऱ्या धोक्यावरून ढळते.

तथापि या वादाचे फलितही लक्षणीय आहे. २००७ मध्ये अमेरिकेने कायदा करून परकीय सरकारच्या मालकीच्या कंपन्यांच्या अशा सौद्यांची अधिक कठोर छाननी अनिवार्य केली. हे योग्यच झाले. खासगी व्यापारी नफा पाहतो. सरकार नफ्याबरोबर आपले राजकारणही पाहते.

त्याच सौद्याने न्हावा शेव्याचा धक्काही दुबईकडे गेला. तेथे असे वादळ उठले नाही. भूमी बंदराचीच राहिली, माल तपासण्याचा अधिकार भारतीय जकात खात्याकडेच राहिला. करारात कोणता अधिकार दिला व कोणता राखून ठेवला, हाच अशा प्रसंगी पहिला प्रश्न असावयास हवा.

येणाऱ्याचे नाव ऐकून दाराला कडी घालणे सोपे असते. दारातून काय आत येते हे रोज डोळ्यांत तेल घालून पाहणे कष्टाचे असते. राष्ट्राचे रक्षण होते ते या कष्टाने.